याआधी नकार मिळाला आहे का?

धाकटी गेली त्याला तीन वर्षं होऊन गेली, आणि मग तिच्या त्या देशाने पाहुण्यांसाठी व्हिसा काढून टाकला.

बातमी मी स्वतः वाचली. अक्षरं मला उशिरा आली, म्हणून वाचते हळू, ओळीवर बोट ठेवून. महिनाभरासाठी येणाऱ्याला आता व्हिसा नको. तिकडच्या माणसाचं बोलावण्याचं पत्र नको. पासपोर्ट चालू हवा, परतीचं तिकीट हवं, राहायचा पत्ता हवा. बस. मी पेपर घडी करून उशीखाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ज्या पत्राची वाट बघण्यात माझी बहीण संपली, ते पत्र आता कुणाला नकोच होतं.

मी इस्पितळात आया होते. जन्मभर परक्यांची अंगं पुसली, त्यांच्या कुशी बदलल्या, त्यांची भांडी धुतली. माझी सख्खी बहीण अंथरुणाला खिळली तेव्हा मात्र तिची कूस कोणी बदलली मला ठाऊक नाही. आईवडिलांमागे तिला मीच वाढवलं होतं. नवरा तिचा तिने बघितला. शर्टाला सुरकुती नाही, चेहऱ्यालाही नाही. मनातल्या मनात मी त्याला पहिल्या दिवसापासून ‘इस्त्री’ म्हणते. तोंडावर जावईबापू.

ती आजारी पडली तेव्हा तिकडे जायला व्हिसा लागायचा, आणि व्हिसासाठी घरच्या कर्त्या माणसाने सही करून पत्र द्यायचं असायचं. मी पासपोर्ट काढला, बॅग भरून दाराशी ठेवली. इस्त्री फोनवर म्हणायचे, “ताई, पत्राचं काम चालू आहे. इथली ऑफिसं म्हणजे तुम्हाला कल्पना नाही. फक्त एक करा, तिच्याशी बोलताना येण्याजाण्याचा विषय काढू नका. ती रडते, मग श्वास अडकतो. डॉक्टरांनी बजावलंय.”

श्वास अडकणं म्हणजे काय ते मी रोज बघत होते. मी कसला विषय काढते! आम्ही दोघी फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारायचो. तीही कधी म्हणाली नाही की ये. शेवटच्या फोनला मात्र मध्येच म्हणाली, “असू दे गं ताई. तुझा काही दोष नाही.” मला वाटलं, गुंगीत बोलतेय. औषधं तशी जड असतात.

व्हिसा उठल्याचं वाचून आठवडा झाला नसेल, भाचीचा फोन आला. तिला आम्ही चिमणी म्हणतो. आता चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, पण आवाज अजून चिमणीचाच. पोर इतकी सरळ, की रिकाम्या रस्त्यावरही लाल दिवा हिरवा होईपर्यंत उभी राहते.

“मावशी, नवा नियम ऐकलास ना? मी नाचलेच गं आधी. पण बाबांनी लक्षात आणून दिलं. ज्यांना पूर्वी नकार मिळालाय त्यांना ही सवलत नाही. विमानतळावर विचारतात, आणि तिथूनच परत पाठवतात.”

“बरं मग?”

“मग काय, तुला दोनदा नकार मिळालाय ना. आईच्या वेळी. बाबा तर म्हणाले, ताईंना सांगू नकोस, जुनी जखम आहे. पण तू तिकीट काढून बसशील म्हणून मी—मावशी? आहेस ना?”

मी होते. भिंतीला टेकले होते. मला नकार कसा मिळणार? मी अर्जच कधी केला नव्हता. पत्रच कधी आलं नव्हतं.

असू दे गं ताई, तुझा काही दोष नाही. मला त्याने सांगितलं होतं, तिच्यापुढे विषय काढू नका, रडते. तिला सांगितलं असणार, ताईपुढे विषय काढू नकोस, तिला नकार मिळालाय, लाज वाटते. आणि आम्ही दोघी खुळ्या एकमेकींना जपत हवापाण्यावर बोलत राहिलो. त्याला खोटं फार बोलावंच लागलं नाही. उरलेलं काम आमच्या मायेने केलं.

“मावशी, रडू नकोस गं.”

“रडत नाही बाळ,” मी म्हणाले. आणि खरंच रडत नव्हते. मी तिकिटाचा विचार करत होते.

तिला तेव्हाच सांगता आलं असतं. पण ती बापाची लेक. म्हणाली असती, बाबा असं करणारच नाहीत, तुझ्या ऐकण्यात चूक झाली. एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने नाही म्हणायचं, त्यात शर्टाला सुरकुती नसलेला माणूस जिंकतो. मला ते त्याच्या तोंडून बाहेर पडायला हवं होतं. तिच्यासमोर, त्याच्याच घरात. आणि त्यासाठी महिनाभर मला कुणाची सही लागणार नव्हती.

मुक्कामाचा पत्ता मी त्याचाच दिला.

तिकडच्या विमानतळावरच्या खिडकीत एक तरुण बाई होती, नाकावर चष्मा घसरलेली. तिने पासपोर्ट बघितला, तिकीट बघितलं, मग समोरची स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यावर आपल्या भाषेत प्रश्न होते. काम करायला आला आहात का? नाही. कुणाकडे उतरणार? बहिणीच्या घरी. याआधी या देशाने आपल्याला व्हिसा किंवा प्रवेश नाकारला आहे का?

मी बोट ठेवून तो प्रश्न पुन्हा वाचला. घाई नव्हती. मग ‘नाही’वर दाबलं. तिने शिक्का मारला आणि तोंडभर हसली. त्या घराण्याने मला इतक्या वर्षांत जे दिलं नाही, ते या परक्या पोरीने उभ्या उभ्या दिलं.

बाहेर दोघं उभे होते. चिमणी हातवारे करत होती, रडत होती, हसत होती. तिच्यामागे इस्त्री. मी कळवलं होतं ते विमानात बसायच्या आधी, फक्त तिला. त्याला तिने गाडी काढायला लावली होती.

“सोडलं तुला? मावशी, सोडलं? काही विचारलं नाही?”

“विचारलं की. आधी नकार मिळालाय का म्हणून.”

“मग?”

“मी नाही म्हणाले.”

चिमणीचा हात तोंडावर गेला. “खोटं बोललीस?” ती कुजबुजली आणि आजूबाजूला बघू लागली, जणू खांबामागून कुणी पकडायला येणार. मी तिच्याकडे बघत नव्हते. माझी बॅग उचलायला वाकलेल्या माणसाकडे बघत होते. तो वाकला तो वर यायचं विसरला.

“नमस्कार, जावईबापू,” मी म्हणाले. “जड आहे का हो? महिनाभराचं सामान आहे.”

घर तिसऱ्या मजल्यावर. धाकटीच्या खोलीत आता व्यायामाचं यंत्र होतं आणि त्यावर टॉवेल वाळत होते. तिचा पलंग नव्हता. खिडकीपाशी तिची खुर्ची मात्र होती, हातावरचं कापड विरलेली. मी पहिल्या सकाळी चहाचा कप घेऊन त्या खुर्चीत बसले आणि मग रोज बसले.

आमच्या इस्पितळात नव्या आयांना मी एक गोष्ट शिकवायचे. पेशंटला मळमळतंय म्हणून पाठीवर बुक्क्या मारू नका. भांडं हनुवटीखाली धरा आणि थांबा. ज्याला ओकायचंय तो ओकतोच. भांडं तेवढं हलू द्यायचं नाही.

मी भांडं धरलं.

जेवताना म्हणायचे, “त्या खिडकीतल्या बाईने मला काय विचारलं ठाऊक आहे का—” इस्त्रींचा घास हातात थांबायचा. चिमणी म्हणायची, “काय गं?” मी म्हणायचे, “ते मीठ दे जरा.” आणि जेवायला लागायचे. कधी धाकटीच्या फोटोसमोर उभी राहून म्हणायचे, “बिचारीला कुणी काय काय सांगितलं असेल,” आणि मग खिडकी पुसायला घ्यायचे. कधी नुसतंच, “जावईबापू, तुमची आठवण चांगली आहे हो. नाहीतर आम्ही, आम्हाला मिळालेलं काही आठवत नाही.”

पहिला आठवडा शर्टाला इस्त्री होती. दुसऱ्यात कॉलर वाकडी झाली. मग एका सकाळी तो कालचाच शर्ट घालून चहाला आला आणि साखर समजून मीठ घातलं. प्यायलाही. मी बघत होते म्हणून पूर्ण प्यायला.

चिमणी दुकानात गेली की घरात आम्ही दोघंच. एकदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

“काय हवंय तुम्हाला, ताई?”

“मला? काही नाही. भाजी निवडतेय.”

“तुम्हाला सगळं कळलंय.”

“मी अडाणी बाई. मला काय कळणार? तुम्ही सांगाल तेवढंच कळतं. तिच्या आजारपणाची दोन वर्षं तेवढंच कळलं.”

त्याने चौकट धरली. मग हळू म्हणाला, “तुम्ही दोघी एकत्र आलात की मी त्या खोलीत नसायचोच. लग्नानंतर प्रत्येक सुट्टीत. तुम्ही हसायच्या, मला कशावर ते कळायचं नाही. ती जाणार होती, ताई. निदान जाताना तरी ती माझी असावी असं वाटलं मला.”

मी देठ मोडत राहिले. दुसऱ्या कुणाचं असतं तर मला वाईट वाटलं असतं. इस्पितळात मी याहून वाईट माणसांचे हात हातात धरले आहेत.

“झाली का मग तुमची?” मी विचारलं.

तो चौकटीवरचा रंग नखाने खरवडत राहिला.

“हे मला सांगून काय उपयोग? चिमणीला सांगा.”

“तिला सांगितलं तर ती मला सोडून जाईल. मला आता दुसरं कोण आहे?”

“मलाही नव्हतं,” मी म्हणाले. “सरका जरा, कचरा टाकायचाय.”

महिना सरत आला. त्याने दात घट्ट आवळून धरले होते. भांडं धरून माझा हात अवघडला. मी तशीच परत गेले असते तर हा माणूस दुसऱ्या दिवशी शर्टाला इस्त्री करून पुन्हा उभा राहिला असता. पण एक गोष्ट आम्हा दोघांच्याही हिशेबात नव्हती. ती म्हणजे चिमणी.

ती पोर महिनाभर झुरत होती. मला वाटायचं, कामाचा ताण. एका रविवारी तिने आम्हा दोघांना समोर बसवलं आणि परीक्षेला बसल्यासारखी बोलू लागली.

“मी सगळा नियम वाचून काढलाय. प्रवेशाच्या वेळी खोटं सांगितलं आणि ते बाहेर जाताना सापडलं, तर कायमची बंदी. पण स्वतः ऑफिसात जाऊन दुरुस्त केलं तर माफ करतात. मावशी, आपण उद्या जायचं. तू घाबरून चुकीचं सांगितलंस, एवढंच म्हणायचं. मला तू पुन्हा यायला हवी आहेस.”

“चिमणे, काही गरज नाही,” इस्त्री म्हणाले. “कोण बघतंय—”

“बाबा, तुम्हीच शिकवलंत ना, कागद सरळ तर माणूस सरळ? आणि तुम्हाला यावंच लागेल. पत्रं तुम्ही पाठवली होती. नकार कधी मिळाले ते विचारतील.”

त्याने माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत. मी तिला थांबवेन असं वाटलं असावं त्याला.

“पोरगी बरोबर म्हणतेय,” मी म्हणाले. “चला जावईबापू. तुमची आठवण चांगली आहे.”

ऑफिसात प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, भिंतीवर नंबर दाखवणारी पाटी, झाडाची एक कुंडी, तीही खोट्या झाडाची. आमच्या पुढे एक बाई कडेवरच्या बाळाला गप्प करत होती. खिडकीतल्या कारकुनाला सर्दी झाली होती. तो प्रत्येक वाक्यानंतर नाक पुसायचा. आमचा नंबर आला. चिमणीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्या भाषेत बोलायला लागली. मला शब्द कळत नव्हता, पण ती माझी बाजू मांडत होती हे कळत होतं. म्हातारी आहे, घाबरली, मन चांगलं आहे. कारकुनाने काहीतरी विचारलं. ती वळली.

“बाबा, ते विचारताहेत, नकार कधीचे?”

इस्त्री पुढे आले. खिडकीच्या कडेला दोन्ही हात टेकले. घसा खाकरला. मी त्याच्या मानेकडे बघत होते. कानामागून घाम उतरत होता. असा घाम मी ओळखते. मी मनाशी म्हणाले, आता भांडं हलवायचं नाही.

तो त्यांच्या भाषेत बोलला. हळू, चारपाच वाक्यं. कारकुनाचा रुमाल नाकाशी थांबला. माझ्या खांद्यावरचा चिमणीचा हात आधी जड झाला आणि मग निघून गेला.

सुटला. बोलला. आणि मी समुद्र ओलांडून महिना ज्या शब्दांसाठी घालवला, त्यातला एकही मला कळला नव्हता. माझ्या बहिणीची गोष्ट त्याने नाक पुसणाऱ्या परक्या माणसाला सांगितली आणि तो खिडकीपासून मागे सरायला लागला.

मी त्याची बाही धरली.

“आपल्या भाषेत सांगा.”

“ताई, तिला कळलंय. आता पुरे.”

“मला नाही कळलं. आपल्या भाषेत.”

मागे रांगेत लोक होते. बाळाने रडणं थांबवलं होतं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, “तुम्हाला कधी नकार मिळालाच नव्हता. मी पत्र दिलंच नाही.”

“आणि धाकटीला काय सांगितलंत?”

“की सरकारने नाही म्हटलं.”

“किती वेळा?”

“ताई—”

“किती वेळा सांगितलंत?”

“दोनदा.”

“दोनदा का?”

त्याने कानामागचा घाम पुसला. मग ओठ हलले. “एकदा सांगितल्यावरही तिने... पुन्हा पाठवा म्हणाली. तिला वाटलं, या वेळी होईल.”

ते मला ठाऊक नव्हतं. ‘दोनदा’ हा शब्द चिमणी पहिल्या फोनपासून म्हणत होती आणि मी त्यावरून पुढे गेले होते. म्हणजे तिने हट्ट धरला होता. पडल्या पडल्या, श्वास लागत असताना, माझ्यासाठी दुसऱ्यांदा. मी त्याची बाही सोडली. मारावंसं वाटलं नाही. तो मला मारण्याएवढाही उरला नव्हता.

कारकून काहीतरी बोलला. चिमणीने सांगितलं नाही, तेव्हा त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. आपल्या भाषेत एक ओळ होती. मी बोट ठेवून वाचली. आपले उत्तर बरोबर आहे, दुरुस्तीची गरज नाही. मग त्याने पुढच्या नंबराची घंटा वाजवली.

बाहेर रस्त्यावर चिमणी माझ्यासमोर उभी राहिली. बापाकडे तिने बघितलंही नाही. तो पायऱ्यांवरच राहिला होता.

“तुला माहीत होतं.”

“हो.”

“कधीपासून?”

“तुझ्या फोनपासून.”

“मी महिनाभर झोपले नाही, मावशी. तुला धरतील म्हणून. आणि तू जेवताना मीठ मागत होतीस.”

“मी सांगितलं असतं तर तुला पटलं असतं?”

तिने विचार केला. पोर खोटं बोलत नाही. “नाही,” ती म्हणाली.

“मग?”

“मग काही नाही. तुझं बरोबरच आहे. पण तुम्ही दोघांनी मला मध्ये ठेवलंत. त्यांनीही आणि तूही.”

ती वळली आणि चालायला लागली. चौकात दिवा लाल होता. गाड्या नव्हत्या, पण दिवा लाल होता. ती थांबली नाही.

चिमणीने दुकानाच्या वरची एक खोली घेतली. उरलेले दिवस मी त्या घरात त्याच्याबरोबर काढले, खुर्चीत बसून. नियमाप्रमाणे महिना माझा होता आणि मी त्यातला एकही दिवस सोडला नाही. तो आपल्या खोलीतून फारसा बाहेर यायचा नाही. बाहेरून बेल वाजली की दार उघडायला धावायचा आणि दूधवाला बघून परत फिरायचा. वाट बघणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. त्याला आता शिकायचं होतं आणि वेळ भरपूर होता. निघताना मी धाकटीचा फोटो भिंतीवरून काढला. तो दारात उभा होता, चुरगळलेल्या शर्टात. त्याने अडवलं नाही.

विमानतळावर सोडायला चिमणी आली. गाडीत एक शब्द बोलली नाही. आत जायच्या दारापाशी तिने माझी बॅग खाली ठेवली, माझ्या स्वेटरचं वरचं बटण लावलं, अगदी तिच्या आईसारखं, जरा जास्तच घट्ट.

“मावशी, पुन्हा येशील तेव्हा आधी मला विचार.”

“का गं? आता तर कुणाचं पत्र लागत नाही.”

“म्हणूनच,” ती म्हणाली.